टोपीची कड

सकाळी सव्वासहाला पिले गावात टोपी विणता विणता झोइलाच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि पाच-सहा क्षणांनी गेला. या आठवड्यातली ही चौथी वेळ.

"पुन्हा?" आई म्हणाली. "अगं, डोक्यात गाठ नाही म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई? त्या आनंदात मी कोंबडी कापली!"

"कोंबडी तू खाल्लीस. डोकं माझं दुखतंय."

गाठ नव्हतीच. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला होता, का ते कळत नव्हतं, आणि त्याने डोळ्यांच्या नसा सुजल्या होत्या. गोळ्या चुकवू नका, वजन उतरवा, फार वेळ ओणवं राहू नका, नाहीतर नजर जाईल, असं बाईंनी बजावलं होतं.

पण बारीक गवताची टोपी लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून, ओणवं होऊनच विणतात. झोइलाने ठोकळा दोन खोक्यांवर चढवला आणि उभ्याने विणून पाहिलं. तासाभरात एकच ओळ झाली, तीही वाकडी.

"उसव," आई म्हणाली. "नाहीतर दे इकडे."

"तुला गवताची काडी तरी दिसते का, आई?"

शुक्रवारच्या तपासणीत डाव्या डोळ्याची सूज उतरली होती, उजव्याची तशीच होती. ठोकळा अजून खोक्यांवरच आहे. टोपीची कड तीन बोटं बाकी आहे.