अंगणवाडीत काढलेला पाऊस

“मावशी, निदान पोरं तरी आत घ्या,” ठकूबाई म्हणाली. डोक्यावर खताची गोणी पांघरून ती अंगणवाडीच्या पायरीशी उभी होती. मागं आणखी बाया, आणि प्रत्येकीच्या कडेवर एक भिजलेलं पोर. ऐन हिवाळ्यात अवकाळीनं झोडपलं होतं. पारगावच्या कारखान्याला ऊस तोडायला आलेल्या या टोळीच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत, पाणी शिरलं होतं.

चिमाबाई अंगणवाडीची मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, यातच तिची हयात गेली होती. कुणाला विचारावं, असं तिच्या मनातही आलं नाही.

“या, या. कोरडं व्हा आधी,” ती म्हणाली.

पाऊस दोन-तीन दिवस हटला नाही. वारा असा बोचरा की खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. एकाच खोलीत सगळी पोरं एकमेकांच्या उबेला झोपायची. ठकूबाईचा भिका खोकत होता, डोळे लाल झाले होते. गारठ्याची सर्दी, असंच सगळ्यांना वाटलं. चिमाबाईनं त्याच्या छातीला तेल चोळलं. तिची सून वृषाली मंचरला कामाला जायची, त्यामुळं सात महिन्यांची नात हर्षाली नेहमीसारखी आजीजवळ अंगणवाडीतच होती.

ऊन पडलं आणि टोळी कोप्यांवर परतली. भिकाच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा ठकूबाईनं देवी आली म्हणून दारात लिंबाचा पाला टांगला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढं गावातली पोरं तापानं फणफणली. त्यांत हर्षालीही होती.

उपकेंद्राच्या अश्विनी सिस्टरनं तिचं तोंड उघडून आत पाहिलं. “गोवर आहे, काकू. हिला नऊ महिने भरले की सुई द्यायची होती.”

“पण ती पावसात भिजलीच न्हाई वो. एक थेंब पडू दिला न्हाई मी.”

“भिजून गोवर होत नाही. पावसानं पोरं एका खोलीत कोंडली, खिडक्या बंद. एकाचा खोकला सगळ्यांना पुरतो.”

अश्विनी सांभाळूनच बोलली होती. पण वृषाली दारात उभी राहून ऐकत होती.

गोवर छातीत उतरला. मंचरच्या दवाखान्यानं पुण्याला न्यायला सांगितलं. आदेशनं, चिमाबाईच्या मुलानं, गाडी केली. खेडच्या अलीकडंच हर्षालीचा श्वास थांबला. गाडी तिथून मागं फिरली.

वृषालीनं सासूला एका शब्दानं बोल लावला नाही. ताट वाढायची, पण नजर उचलायची नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं चिमाबाईला वाटायचं.

गावात मात्र बोलणं झालं. देवळापुढं शेजारचा भगवंत म्हणाला, “टोळीला उठवा इथनं. रोग त्यांनीच आणला.”

“उठून कुठं जातील? जातील तिथं घेऊन जातील,” चिमाबाई म्हणाली. “दार मी उघडलं व्हतं, भगवंतभाऊ. काय बोलायचं ते मला बोला.”



अश्विनी कोप्यांवर सुया द्यायला गेली, तर बाया पोरं लपवायला लागल्या. देवीला सुई चालत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी चिमाबाई तिच्याबरोबर गेली आणि ठकूबाईच्या कोपीपुढं जमिनीवरच बसली.

“ठके, तुझा भिका वाचला. माझी हर्षाली गेली. बाकीच्यांची आण बाहेर.”

 ठकूबाई उठली आणि स्वतःच एकेका कोपीतनं पोरं काढायला लागली. साथ होती म्हणून आता सहा महिन्यांच्या पोरांनाही सुई द्यायची होती. चिमाबाईनं एकेकाला मांडीवर घेऊन दंड धरून ठेवला.

ती घरी आली तेव्हा वृषाली मोरीपाशी बंब पेटवत होती.

“पोरं रडली का?” वृषालीनं विचारलं. हर्षाली गेल्यापासून ती आपणहून पहिल्यांदाच बोलली होती.

“लई रडली.”

“बारकी पण?”

“त्यांनीच जास्त.”

वृषालीनं मान हलवली. बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, त्यात हात घालून पाहिला, थोडं गार मिसळलं, पुन्हा हात घालून पाहिला, आणि बादली सासूपुढं सरकवली.