ऊन ते पुरे कर

आई तिसऱ्या ओळीवर अडखळली.

"तूच आधी, तूच अंती. घर हे तुझे, आम्ही वस्तीला," इथपर्यंत रोजच्यासारखं झालं होतं. पुढे तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. धाकटा आणि त्याची बायको डोळे मिटून थांबले. आई दम घेत असेल, असं त्यांना वाटलं. थोरल्याला तसं वाटलं नाही, कारण त्याचे डोळे उघडे होते आणि आई घाबरून भिंतीकडे बघत होती. मग ती ओळ गाळून तिने थेट चौथी म्हटली, "चुकले ते पोटात घाल," आणि प्रार्थना उरकली.

थोरला छापखान्यात मुद्रितशोधक होता. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून तो पोट भरत होता. वेलांटी पहिली की दुसरी, यावरून तो मालकाशीही भांडायचा, म्हणून तिथे त्याचं नाव 'वेलांटी' पडलं होतं आणि त्याला ते मनातून आवडायचंही. आणि तो देव मानत नव्हता. ज्या घरात हरवलेली किल्ली सापडली तरी आधी वर बघून आभार मानत आणि मगच कुलूप उघडत, त्या घरात हा एक असा निघाला होता.

आपणहून तो कुणाच्या अंगावर जायचा नाही. पण कुणी विचारलंच, तर गुळमुळीत बोलणं त्याला जमायचं नाही. लग्न जमत आलं होतं तेव्हा मुलीच्या मामांनी सहज विचारलं, "देवाधर्माचं कसं काय?" बिचाऱ्यांना "आहे की" एवढंच ऐकायचं होतं. हा म्हणाला, "मी मानत नाही." मामांनी चहा अर्धा ठेवला. पुढे दुसरं स्थळ आणायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

आईशी भांडण झालं ते त्याआधी, एकोणिसाव्या वर्षी. छापखान्यात लागून दोनच महिने झाले होते. प्रार्थनांच्या एका पुस्तकाची प्रुफं त्याच्याकडे आली आणि घरची प्रार्थना त्याला पहिल्यांदा छापील दिसली. 'उणे ते पुरे कर.' म्हणजे जे कमी पडतंय ते भरून काढ. घरात मात्र "ऊन ते पुरे कर" चालत आलं होतं. आजोबांनी कुणाकडून तरी चुकीचं ऐकलं असणार आणि पुढच्यांना तसंच पढवलं असणार. तो हसतच घरी आला.

"आई, तीन पिढ्या आपण देवाला ऊन बंद करायला सांगतोय. आणि त्याने एकदाही ऐकलेलं नाही."

आईला हसू आलं नाही. "सासऱ्यांनी शिकवलंय मला ते," ती म्हणाली. "नवी होते मी. या घरातलं काही म्हणजे काही येत नव्हतं मला."

तिथेच थांबायला हवं होतं. पण एकोणिसाव्या वर्षी कोण थांबतं? तो म्हणाला, ऐकणाराच कुणी नाही, तर शब्द बरोबर काय आणि चूक काय. त्या दिवसापासून त्याने प्रार्थना सोडली आणि आईने आठवडाभर अबोला धरला. मग एके संध्याकाळी ती म्हणाली, "म्हणू नकोस. पण बस. घरातलं एक माणूस त्या वेळी बाहेर असलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं."

तो बसू लागला. हात मांडीवर, तोंड बंद, डोळे उघडे. मानत नाही ते म्हणायचं नाही आणि उठूनही जायचं नाही, असा तो तह होता. दोघांपैकी कुणीही तो कधी मोडला नाही.

आता मात्र आईचं विसरणं दिवसागणिक वाढत चाललं. आधी भांड्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, सांभाळून घ्या.

"भाऊजी, प्रार्थनेचं तुमच्या आधीच लक्षात आलं होतं ना?" धाकट्याच्या बायकोने स्वयंपाकघरात त्याला विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हा दोघांचे डोळे मिटलेले होते. आपलं कुणी बघितलं नाही, असं तिला वाटलं. म्हटलं, वाटू दे."

पुढच्या आठवड्यात आईला पहिलीच ओळ आठवेना. धाकट्याने कपाटातून पुस्तक काढलं. थोरल्यानेच तपासलेलं ते पुस्तक. "मी वाचतो, आई. तू माझ्यामागून म्हण." थोरल्याने म्हणणं सोडलं तेव्हापासून प्रार्थना आई एकटीच म्हणायची, बाकीचे ऐकायचे. ती 'उणे'च म्हणते, असं धाकटा आजवर समजत आला होता. मिटल्या डोळ्यांनी माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो.

दोन ओळी नीट गेल्या. मग धाकट्याने वाचलं, "उणे ते पुरे कर."

आईने डोळे उघडले. "काय म्हणालास?"

"उणे ते पुरे कर."

"हे नाही."

"अगं, छापलंय इथे."

"छापलं असेल. आमच्या घरी असं म्हणत नाहीत." तिने खुर्च्यांकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "कुणाचं घर आहे हे? तुम्ही कोण सगळे? मला घरी सोडा बाबा. सासरे वाट बघत असतील." ती खुर्चीखालच्या चपलांत पाय सरकवू लागली. धाकटा पुस्तकात ती ओळ पुन्हा शोधू लागला.

त्या खोलीत बरोबर उत्तर फक्त थोरल्याला माहीत होतं, आणि ते चुकीचं होतं. शिवाय ते प्रार्थनेतलं होतं. एवढ्या वर्षांत त्याने यातलं एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. तो उठला, आईच्या शेजारी जाऊन बसला आणि आजोबा म्हणायचे तसं, 'ऊन'वर जरा रेंगाळत म्हणाला, "ऊन ते पुरे कर."

आईचे पाय थांबले. "चुकले ते पोटात घाल," ती आपोआप म्हणाली. मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुला येतं हे?"

"येतं."

"मग मानतोस तू देवाला?"

धाकटा थोरल्याकडे बघत राहिला. हो म्हण, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. हो म्हणायला काहीच जात नव्हतं. दोन मिनिटांनी तिला ते आठवणारही नव्हतं.

"नाही, आई," थोरला म्हणाला. "मानत नाही मी."

 आईचा चेहरा हळूहळू निवळला.

"म्हणजे तू आमचा थोरलाच की," ती म्हणाली. "मग मी घरीच आहे."

तिने चपलांतून पाय काढले आणि ती खुर्चीवर मांडी घालून बसली. थोरल्याने त्या चपला उचलून दाराशी नेऊन ठेवल्या, आणि भिंतीकडे तोंड करून तिथेच उभा राहिला. त्याला रडू येत होतं, आणि धाकट्यासमोर रडायची त्याला सवय नव्हती.