तळ्यात बुडालेली टेकडी

मी टाचणी बोलतेय. हसा, हसा. टाचणीचं खरं कोण मानतं? त्या ऑफिसातही कुणी मानलं नाही. उलट सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडलं. डोकं ते केवढं माझं, वाटाण्याएवढं!

तार कापून, घासून, टोक काढून मला घडवलं. वर लाल मणी बसवला, म्हणून डबीतल्या बाकीच्यांत मी उठून दिसायची. नशिबी आलं ते आकडेवारीचं ऑफिस. कुठं किती माणसं राहतात, कुठं म्हातारे जास्त, कुठलं गाव ओस पडतंय, हे मोजायचं तिथलं काम. दर सोमवारी सगळे बसून असल्याच विषयांवरचे लेख मोठ्यानं वाचायचे. सगळ्यांना आवडेल तो भिंतीवरच्या बोर्डावर. चार कोपऱ्यांना साध्या टाचण्या, आणि मानाची मी बरोब्बर मधोमध.

वाळवंटं, बेटं, दाटीवाटीची शहरं, सगळी मी धरून ठेवली. शिकलेली नाही मी. टोकाखाली येईल तेवढंच कळतं, पण तेवढं पक्कं कळतं.

तिथल्या साहेबाला मागून सगळे बोका म्हणत. अर्धे डोळे मिटून बोलायचा, आणि काही सांडलं की तोंड पुसून मोकळा. त्यानं स्वतःच लेख लिहिला, आपल्या शहरात माणसं कुठं राहतात. सोबत रंगीत नकाशा. दाटी तिथं गडद, कुणी नाही तिथं पांढरं. साहेबाचा लेख, आवडणारच! टाळ्या झाल्या आणि मी नकाशाच्या मध्यात घुसले.

घुसले ती थेट तळ्यात. शहराच्या मधोमध तळं आहे, आणि तळ्यावर हा काळाकुट्ट ठिपका. एवढी माणसं पाण्यात? मी कोकलले. पण टाचणीचं कोकलणं कुणाला ऐकू जातंय?

नकाशापुढं थबकली ती एकटी ताई. तिथंच कामाला होती, राहायला टेकडीवर.

"साहेब, आमची टेकडी पांढरी कशी? घराला घर चिकटलंय तिथं."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, ताई."

"मग रोज उतरून येते ती मी कोण, भूत?"

सगळे फिदीफिदी हसले. "लेख सगळ्यांना आवडलाय," बोका म्हणाला, "आता खुसपट काढू नका."

टेकडीवरच्या घरांना ना रस्त्याचं नाव, ना नंबर. कॉम्प्युटरला पत्ता सापडेना. अशा वेळी माणसानं उठून विचारावं की नाही? बोक्यानं सांगून ठेवलेलं, पत्ता सापडला नाही तर माणूस शहराच्या मध्यावर टाका, बेरीज जुळली की झालं. बेरीज जुळली. अख्खी टेकडी तळ्यात बुडाली.

तोच नकाशा बसवाल्यांकडं गेला. पांढऱ्या जागी बस कशाला? केली बंद. पुढचं ताईच्या तोंडून ऐकलेलं. ताईच्या सासूच्या किडन्या गेलेल्या, डायलिसिसला दवाखान्यात जावंच लागायचं. ताई तिला काखेत धरून उतरवायची. एकदा म्हातारी अर्ध्या उतारावर बसलीच. "सूनबाई, आज राहू दे गं. पाय उचलत नाही." राहू दिलं. डायलिसिस चुकलं, मग तिला खाली दवाखान्यात आणलं ते चौघांनी उचलून.

ताई ऑफिसात आली ती तडक बोर्डाकडं. माझ्यासकट नकाशा ओरबाडला आणि साहेबाच्या टेबलावर आपटला. बसवाल्यांचा अधिकारी चौकशीला आला. "तळ्यात माणसं? एवढ्या जणांना दिसलं कसं नाही?"

बोक्यानं मला चिमटीत धरून दाखवलं. "नेमकी ही तिथं होती ना. ठिपका झाकला गेला."

अहो, नकाशा आधी झाला, मी मागून टोचली गेले! पण अधिकाऱ्यानं मान डोलावली. शेरा मारला, चूक टाचणीमुळे राहिली.

बस पुन्हा सुरू झाली आहे. म्हातारी दवाखान्यातच आहे. ती घरी येईल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत. मी वाकडी होऊन कचऱ्याच्या टोपलीत पडलेय, उद्या जाईन. जाऊ दे, टाचणीची जातच ती. पण जाता जाता एक मागते. त्या शेऱ्यातलं माझं नाव खोडा. आणि तिथं ठळक अक्षरात लिहा, बोका.