तिसऱ्या भेटीचा आकडा

"तुझ्या नावापुढं रेघ आहे, जया. तिन्ही वेळा." श्रीधर सरांनी कागद तिच्याकडे वळवला.

सरांच्या रामदासपेठेतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात ती उभी होती. बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची अकरा मुलं आणि ही एकटी मुलगी प्रशिक्षणाला गेली होती. दोन अणुवीज केंद्रं, तीन भेटी. केंद्रांची नावं सांगत नाही, उगाच कशाला! आत जाताना प्रत्येकाच्या खिशाला पेनाएवढी नळी लावायचे. अंगावर किरण किती पडले ते तिच्यात दिसे, आणि बाहेर येताना तो आकडा नावापुढे मांडला जाई. आकडा नाही म्हणजे भेट नाही, भेट नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय केंद्रातल्या नोकरीच्या मुलाखतीला कोण उभं करतंय?

"सर, बायकांना कपडे बदलायला खोली नाही म्हणून मला फाटकावरच बसवलं. तुमच्यासमोर."

"ते मला माहीत आहे. पण नियम तो नियम."

"तिसऱ्या वेळी मी आत गेले होते, सर."

सरांनी चष्मा काढला.

झालं होतं ते असं. पहिल्या दोन भेटींत जया फाटकाजवळच्या बाकावर बसून होती. वर्गातला रवींद्र बाहेर आला की त्याला खोदून खोदून विचारायची, त्यावरून आकृत्या काढायची, आणि मग तोच शहाणा त्या आकृत्या आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. तिसऱ्या सकाळी तिनं पाहिलं, जमीन पुसणाऱ्या चार बायका बादल्या घेऊन सरळ आत चालल्या होत्या. बायकांना खोली नव्हती ना? पोछावाल्यांना ती लागतच नव्हती. जिन्याखाली एकीनं चादर धरायची, दुसरीनं आत जाताना घालायचे कपडे चढवायचे, संपलं.

त्यांतली रंभाबाई जयाच्याच भागातल्या कन्हानची निघाली. दोन शब्द बोलल्याबरोबर दोघींना एकमेकींचा मुलूख कळला.

"तुले पाहाचंच हाय ना? मंग माह्या जागी जाय. टोपी घातली, तोंडाले फडकं बांधलं, का कोण ओळखते वं?"

जया गेली. तीन तास तिनं ती हिरवी गुळगुळीत जमीन पुसली आणि पुसता पुसता सगळं बघून घेतलं. पंप, जाडजूड नळ, काचेमागे लुकलुकणारे दिवे. ज्याच्यासाठी चार वर्षं रात्रीचा दिवस केला ते सगळं हाताच्या अंतरावर होतं, आणि तिचा ऊर आनंदानं भरून आला. तेवढ्यात वर्गातली मुलं आली. रवींद्र ओल्या जमिनीवर बूट उमटवत तिच्यापाशी पोचला.

"ए बाई, सरक जरा."

ती सरकली. मग त्याच्या बुटांचे ठसे तिनं पुसून काढले. बाहेर येताना नळीत आकडा दिसला आणि तो रंभाबाईच्या नावापुढे मांडला गेला.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे लिहून दे. बाईचं नाव, तारीख, सगळं. मी पत्र टाकतो. तिच्या नावावरचा आकडा तुझ्या नावावर करून घेऊ. प्रमाणपत्र तुझं."

"आणि ती, सर?"

"तिला काढतील. काढायलाच हवं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, वर पेनही ठेवलं. जयानं पेन उचललं. रंभाबाईच्या नावातलं पहिलं अक्षरसुद्धा तिच्या हातून उमटेना. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "मी खोटं बोलले, सर. मी आत गेले नव्हते."

खरं काय ते सरांना चांगलं कळत होतं. "सवलतीवर आलेल्यांचं हे असंच," ते म्हणाले आणि लाल शाईनं त्यांनी तिच्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलं.

वाडीच्या भाड्याच्या खोलीत भीमाबाई लेकीची वाट बघत होती. वीस वर्षं ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्याची जमीन पुसत आली होती, लेकीच्या हातात पोछा येऊ नये एवढ्याचसाठी. जयानं ताटासाठी हात पुढे केला तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी सुकत आलेला फोड भीमाबाईला दिसला. ती जागा तिला पाठ होती.

"हा पोछ्याचा फोड हाय. कुठी पुसून आली?"

जयानं सगळं सांगितलं. लाल शाईपर्यंत.

"नाव काहून नाही सांगतलं?"

"तिची नोकरी गेली असती, माय."

"पोछावालीले काम कुठीबी भेटते वं. तुले हे पुन्हा भेटन का?"

माय तरी बरं केलंस म्हणेल, अशी जयाची समजूत होती. ती रडायला लागली. भीमाबाईनं तिला जवळ घेतलं नाही. उठून मोरीतलं ओलं फडकं आणलं आणि लेकीच्या हातात ठेवलं.

"दवाखान्यात एक जागा खाली हाय. उद्या चाल माह्यासंगं. अन् अंगठ्यानं दाबून नाही पिळा लागत. मनगट फिरव. हे पाह्य, असं."

जयानं पिळलं.

"आणखी."

जयानं पुन्हा पिळलं. या वेळी अंगठा दुखला नाही.