झालरीचं कापड

त्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत तुंगेनं सात वेळा खुर्ची सोडली, चार वेळा पाणी प्यायलं आणि एकदा ती माझ्या अंगावर ओरडली. मी मोजत होते. गुडघे धरल्यापासून मला मोजण्याशिवाय दुसरं काम काय?

तुंगा माझी नात, माझ्या मुलाची, नागराजची धाकटी. आमचं शिंप्याचं घराणं, मंडी मोहल्ल्यात तीन पिढ्यांचं दुकान. पण ही पोरगी अशी, की सुईत दोरा ओवायला सांगितला तर सुईच हरवते. ती कंप्यूटरवर प्रोग्राम लिहिते, सरस्वतीपुरमच्या घरात पुढच्या खोलीत बसून. टेबलाखाली तिचे पाय सारखे हलत असतात. तेवढे पाय शिलाई मशीनवर हलवले असते तर दिवसाला चार ब्लाउज झाले असते. हे मी तिला सांगितलेलं आहे. तिला आवडलं नाही.

"काय झालं गं, पुट्टी?"

"काही नाही अज्जी. सुम्ने बस."

मराठीत गप्प बस म्हटलं तर मी ऐकते तरी. कानडीत म्हटलं की मला जास्त लागतं, मग मी मुळीच ऐकत नाही. अवरेकाईची टोपली घेतली आणि तिच्या टेबलापाशीच शेंगा सोलत बसले.

भानगड अशी होती. नंजनगूडच्या एका कारखान्यानं गेटावर नवं मशीन बसवलं होतं. कामगारानं कार्ड लावायचं, मशीननं त्याचं नाव कानडीत दाखवायचं, यादीत असलं तर गेट उघडायचं. मशीनवाल्यांनी आपला तयार प्रोग्राम दिला होता, त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकं नसतात तीत. तुंगेचा प्रोग्राम त्या लायब्ररीकडे नाव मागायचा, लायब्ररी नाव काढून द्यायची. एवढंच. पण सकाळी सहाच्या पाळीपासून तुंगेचा प्रोग्राम मधेच मरत होता. गेट बंद, बाहेर माणसांची रांग, आणि वॉचमन जुन्या रजिस्टरात हातानं नावं लिहीत बसलेला.

आमच्या मागच्या खोलीत राहणारी तुळसी त्याच कारखान्यात दोनच्या पाळीला जाते. ती दारातून डोकावली. "अंबूताई, तुमच्या नातीच्या मशीनला सांगून ठेवा हं, तुळसी ओळखीची आहे म्हणून. उन्हात उभं करायचं नाही मला."

तुंगेनं डोक्याला हात लावला.

मग फोन आला. तिचे साहेब, चिदंबर सर. ते कानडीत बोलतात, मी मराठीत सांगते. "तुंगा, दोनच्या पाळीआधी चाललं नाही तर कारखाना आपल्याला काढणार. आणि सोमवारी तुझे सहा महिने पुरे होतात. मग तुला पक्कं करायचं कुठल्या तोंडानं सांगू मी वर?"

फोन ठेवल्यावर ती आठव्यांदा उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. मलाही बसवेना. सोललेले दाणे मी सालींत टाकले आणि साली पातेल्यात.

"मला सांग ना," मी म्हटलं. "मला नाही कळलं तर नाही कळलं. सांगताना तुलाच कळेल."

"अज्जी, राजू, मणी, ही नावं जातात. वेंकटलक्ष्मम्मा आली की मरतो. चेन्नबसवय्या आला की मरतो."

"म्हणजे लांब नाव आलं की."

"पण मी एका नावाला तीस घरं ठेवलीत गं, तीस अक्षरांची जागा! सगळ्यात लांब नाव चौदा अक्षरांचं आहे. पुरायला नको?"

"अय्यो, हे तर त्या नाटकाच्या पडद्यासारखं झालं."

"आज गोष्ट बेडा अज्जी. पाया पडते."

बेडा म्हणजे नको. नको तर नको. मी सांगायला लागले.

मी नवी नवरी, सतरा वर्षांची. गावात एक नाटक कंपनी तंबू ठोकून बसली होती. पडदा शिवायचं काम आमच्या दुकानाला. त्या कंपनीचा मॅनेजर असा लांब हातांचा, की उभ्या उभ्या न वाकता पायातला काटा काढायचा. टांग्यात मागे बसून घोड्याच्या मानेवरची माशी मारायचा. त्यानं रंगमंचाची उंची आपल्या हातानं मापली आणि येऊन सांगितलं, नऊ हात. आमचे कापणारे रंगनाथमामा. त्यांचे हात एवढेसे, जेवताना ताट जवळ ओढून घ्यायचे. त्यांनी आपल्या हातानं नऊ मोजले. खेळाच्या दिवशी पडदा सोडला तर गुडघ्याच्या वरच थांबला! पडद्याआड राजा उभा, डोक्यावर मुकुट असेल नसेल, लोकांना दिसल्या खालच्या निळ्या रबरी चपला. काय शिट्ट्या पडल्या म्हणतेस! नऊ हात दोघांचेही खरे. हात कुणाचा, ते कुणी विचारलंच नाही.

तुंगा ऐकत नाही असं दाखवत होती. पण टेबलाखालचे पाय थांबले होते.

"हात कुणाचा," ती म्हणाली. मग जोरात, "अज्जी! मी अक्षरं मोजतेय. ती लायब्ररी घरं मोजते! कानडी अक्षर बाहेरून एक दिसतं, पण आत तीन घरं खातं. काना-मात्रा लागली की सहा. जोडाक्षर असलं तर आणखी. चौदा अक्षरं तिसात मावतील कशी?"

तिनं घरं वाढवली. आधी लांबी विचारायची, मग तेवढी जागा करायची, असं काहीतरी लिहिलं. चेन्नबसवय्या सरळ आत गेला. वेंकटलक्ष्मम्मा गेली. तुंगेनं माझ्या गालाचा मुका घेतला, आणि मी आत जाऊन कॉफीच्या दुधालासुद्धा ती गोष्ट परत सांगितली. या वेळी मॅनेजरचे हात आणखी थोडे वाढले.

कॉफी घेऊन बाहेर आले तर ती पुन्हा उभी.

"काय आता?"

"पुन्हा मेला."

तिच्याकडे कारखान्याच्या साडेतीनशे नावांची यादी होती. ती एकामागून एक नाव प्रोग्राममधून काढून बघत होती. पहिल्यांदा एकसष्टाव्या नावाला मेला. दुसऱ्यांदा तेविसाव्या. तिसऱ्यांदा एकशेबाराव्या, आणि ते नाव काय, तर मणी. दोन अक्षरं!

साडेबारा झाले. तुळसी पदर खोचून बसस्टॉपकडे गेली. चिदंबर सरांचा परत फोन. "तुंगा, सकाळी निदान कुठे मरतो ते तरी कळत होतं."

तुंगेनं फोन उशीवर फेकला आणि माझ्याकडे वळली. "तुझी गोष्टसुद्धा तुझ्यासारखीच, अज्जी. ऐकायला छान, आणि अर्धी खोटी."

मी कॉफी तिच्यासमोर ठेवली. अर्धी खोटी होतीच ती गोष्ट. तिला माहीत नव्हतं, मला होतं. पंचावन्न वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी दारापर्यंत गेले. परत आले. टोपली उचलली, ठेवली. साडेबाराचा पाऊण झाला.

"तुंगे," मी म्हटलं, "तू नाव मागतेस तिथपासून सांग. कापणाऱ्याला सांगतात तसं. आधी हे, मग हे."

"कशाला?"

"सांग गं."

ती थकून म्हणाली, "मी लायब्ररीकडे नाव मागते. ती स्वतःकडची जागा घेते, तीत नाव लिहिते आणि ती जागा मला दाखवते. मी नाव माझ्याकडे उतरवून घेते. मग तिची जागा मोकळी करून टाकते. पुढचं नाव मागते."

"कुणाची जागा मोकळी करतेस?"

"लायब्ररीनं घेतलेली."

"मग तू का करतेस?"

"काम झालं ना माझं! वापरून झाल्यावर साफ नको करायला? पसारा ठेवायचा का तसाच?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. अगदी हेच मी म्हटलं होतं. याच आवाजात, सासऱ्यांसमोर, मनातल्या मनात.

"तुंगे, तो पडदा मापानं आखूड झाला नव्हता."

"अज्जी, प्लीज. एक वाजत आला."

"झालर मी कापली."

"कसली झालर?"

"पडद्याच्या खालची. वेगळी शिवून शेवटी लावायची होती. ते कापड घडी घालून बाजूला ठेवलेलं. मला वाटलं, पडदा शिवून झाला, हा उरलेला तुकडा. कामावर नवी होते, सासूबाईंपुढं टापटीप दाखवायची हौस. साफ करून टाकलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी आता टांग्यातल्या घोड्यालाही मधे आणणार. "हीपण रचलीस ना आत्ताच?"

काय करणार? खोटं सांगितलं की डोळे मोठे करून ऐकतात, खरं सांगितलं की घड्याळाकडे बघतात. मी कमरेचा लाल बटवा काढला. सुपारी, लवंगा टेबलावर ओतल्या आणि बटवा उलटा करून तिच्या हातात दिला. घरात सगळ्यांना मी सांगितलं होतं, नाटकातल्या राणीनं मला खूश होऊन दिला म्हणून.

उलट्या बाजूला, शिवणीत अर्धा दाबलेला, काळ्या शाईचा शिक्का. कंपनीच्या नावाची कानडी अक्षरं. कंपनीच्या प्रत्येक थानावर असायचा तो, झालरीच्याही.

तुंगेनं तो खिडकीपाशी नेऊन बघितला.

"आमच्या दुकानाची रीत आहे," मी म्हटलं. "तुझा बाप अजून पाळतो. कापड गिऱ्हाइकाचं. आपण मापायचं, कापायचं, शिवायचं. पण उरलेली चिंधीसुद्धा गाठोडं बांधून त्याला परत द्यायची. टाकायची का ठेवायची, ते तो ठरवेल. आपल्याला काम संपलं वाटतं, त्याचं संपलेलं नसतं."

"पण मग लगेच का नाही मरत? साठ नावं कशी जातात?"

"झालर मी सोमवारी कापली. आठ दिवस कुणी हाक मारली नाही. लावायला काढली तेव्हा कळलं. तोवर तिकडे तिकिटं विकली गेली होती."

तुंगा खुर्चीत बसली. मशीनवाल्यांनी लायब्ररीबरोबर दिलेला माहितीचा कागद उघडला, चाळीस पानांचा, आणि वरून खाली पळवत गेली. सदतिसाव्या पानावर थांबली. तिथं बारीक अक्षरांत एक ओळ होती. तिनं मला वाचून दाखवली. आम्ही दिलेलं नाव वापरून झालं की आमच्याकडेच परत करा, त्यासाठी ही अमुक सोय.

"मी माझ्या हातानं टाकून देत होते," ती म्हणाली, "आणि लायब्ररी आपल्या हिशेबात ते अजून तिथंच आहे म्हणून धरून बसलेली."

"गाठोडं बांध आणि दे परत."

तिनं एक ओळ खोडली, एक लिहिली. यादी लावली. साठ गेली. शंभर गेली. मी मोजत होते, तीही मोजत होती. एकशेबारावा मणी मुकाट्यानं गेला. साडेतीनशे झाली. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावली. मग आणखी एकदा. एक वाजून वीस मिनिटांनी तिनं ते कारखान्याकडे पाठवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

आता करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जास्तच वाईट. ती नखं खायला लागली. मी सुपारी फोडली, नको असताना.

"मग रंगनाथमामांचा हात?" तिनं एकदम विचारलं.

"टेपपेक्षा बरोबर होता. पण सासरे म्हणाले, तूच माप चुकवलंस, उद्यापासून येऊ नकोस. मामा कात्री पुसून ठेवायला लागले. मी दाराआड उभी. खरं सांगायचा धीर होईना. मग पदर घेऊन पुढं आले आणि म्हटलं, मामंजी, त्या मॅनेजरचे हात बघितलेत का केवढे लांब आहेत?"

"आणि?"

"सासरे हसायला लागले. मामा दुकानात राहिले, आणखी वीस वर्षं. माझी पहिलीच थाप ती. खपली, म्हणून सवय लागली."

"मामांना कळलं होतं?"

"दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सुई-दोरा आणून दिला. म्हणाले, सूनबाई, बटव्याची शिवण कच्ची आहे, पक्की करून घ्या."

दोन वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. तुळसी. मागं माणसांचा गलका.

"अंबूताई! उघडलं! माझं नाव दाखवलं, कसं मोठ्या अक्षरांत!"

तुंगेनं टेबलावर डोकं टेकलं.

"पण तुंगेला सांगा," तुळसी म्हणाली, "पाच मिनिटं उशीर झाला तेपण दाखवलं. वॉचमन असता तर सोडून दिलं असतं. हे काय बरं नाही केलं तिनं."

पाठोपाठ चिदंबर सर. एकशेचाळीस माणसं आत गेली, एकदाही अडलं नाही. सोमवारी ऑफिसला ये, तुला पक्कं केल्याचा कागद तयार ठेवतो. एवढं सगळं एका दमात सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पण सापडलं कसं तुला? आमचे दोघं सकाळपासून त्यातच डोकं घालून बसले होते."

तुंगेनं माझ्याकडे बघितलं. मी लाल बटव्यात सुपारी भरत होते. मान हलवली, नको.

तिनं घसा साफ केला. "सर, काय झालं, आमच्या अज्जीच्या वेळी एक नाटक कंपनीचा मॅनेजर होता. त्याचे हात इतके लांब, की गुडघ्यापर्यंत यायचे..."

मी तिला खुणेनं सांगितलं, घोट्यापर्यंत, घोट्यापर्यंत सांग.