दाराचे डोळे

कचऱ्याची काळी पिशवी गॅरेजच्या उंबऱ्यावर टेकवून तिनं भुंगीला उचललं, कारण भुंगीचा शेंबूड ओघळून ओठावर आला होता आणि जीभ बाहेर काढून ती त्याची चव बघायच्या बेतात होती. ओढणीच्या टोकानं ते नाक पुसून होतंय तोवर मागं दाराची मोटर घरघरली. दार खाली यायला लागलं.

"आई, थांबा, पिशवी आहे!"

ती घाबरली मात्र नव्हती. वाटेत काही दिसलं की दार आपणहून थांबतं आणि उलट वर जातं, हे तिला पाठ होतं. पण दार आलं ते आलंच. पिशवीच्या डोक्यावर टेकलं, क्षणभर कण्हलं आणि तिला दाबत खाली गेलं. पिशवी एका कुशीला फुगली आणि तिथंच फसकन फुटली. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, पाणी सुटलेले टोमॅटो आणि दोन दिवसांचे डायपर, सगळं एकमेकांत कालवून फरशीवर पसरलं. एका डायपरमधलं पिवळं तिच्या चपलेच्या अंगठ्यापर्यंत आलं.

भुंगीनं टाळ्या पिटल्या. रांगताना सतत गुणगुणायची म्हणून लेकीला भुंगी म्हणत. आता पाय फुटले होते तरी गुणगुण सुटली नव्हती. एवढ्यात, अगदी एवढ्यात, ती त्या पिशवीला टेकून बसली होती. बसलेली भुंगी आणि ती पिशवी, दोघींची उंची सारखीच होती.

स्वयंपाकघराच्या पायरीवर सासूबाई उभ्या होत्या. त्यांचं बोट अजून भिंतीवरच्या बटणावर होतं.

"अगं, बाहेर तो गाडी धुतोय ना, पाणी आत उडत होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दार लावून घ्यावं. ते थांबतं ना आपलं आपण?"

"थांबतं," ती म्हणाली.

सासूबाईंनी पुन्हा बटण दाबलं. दार वर गेलं. त्याच्या खालच्या रबराला चिकटलेलं टोमॅटोचं साल लोंबत लोंबत वर गेलं.

तिनं भुंगीला सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि नाक दाबून दाराच्या चौकटीपाशी उकिडवी बसली. फरशीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंना एकेक छोटी डबी होती. घरात त्यांना 'डोळे' म्हणत. एक डोळा न दिसणारा किरण सोडतो, समोरचा तो झेलतो, मध्ये काही आलं की दार माघारी फिरतं. भुंगी रांगायला लागली तेव्हा ही सगळी माहिती नवऱ्यानंच तिला समजावून सांगितली होती. डोळ्यावर धूळ बसली, कोळ्यानं जाळं केलं की संपलं, म्हणाला होता. तेव्हापासून दर रविवारी ती भुंगीचं लहान झालेलं झबलं घेऊन दोन्ही डोळे पुसायची. भुंगीचं तोंड पुसावं तसंच, हलक्या हातानं, कोपऱ्यांतून. हिरवा दिवा लागलेला दिसला की निर्धास्त व्हायची. दिवा आहे म्हणजे डोळा बघतोय.

दिवा आताही लागलेलाच होता.

तिनं डोळ्यासमोर तळहात धरला. दिवा तसाच. तिनं डबी मुठीत झाकली. बोटांच्या फटींतून हिरवा उजेड शांतपणे येत राहिला. तिनं डबी जरा हलवली, तर ती पाठीला लावलेल्या चिकटपट्टीसकट हातात आली. आत काही नव्हतं. म्हणजे एक गोल सेल होता, खेळण्यात असतो तसला चिमुकला दिवा होता आणि मुंग्यांनी साठवलेली कसलीशी भुकटी होती. बस.

इतके रविवार ती एका खेळण्याचं तोंड पुसत होती.

चौकटीमागून एक वायर वर गेलेली होती. ती नजरेनं धरत धरत तिनं स्टूल मोटरखाली ओढलं आणि चढली. मोटरच्या पाठीवर बोटभर काळी ओशट धूळ होती, तिच्यात पालीच्या लेंड्या रुतल्या होत्या. आणि त्या घाणीत, काळ्या टेपच्या जाड मुटकुळ्यात, दाराचे खरे डोळे होते. दोन्ही एकमेकांकडे तोंड करून, नाकाला नाक लावून घट्ट बांधलेले. खाली काहीही होवो, यांना जन्मभर एकमेकांखेरीज काही दिसणार नव्हतं. उन्हाळ्यानं टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता. तो तिच्या बोटांना लागला आणि सुटेना.

"काय गं, कसला वास मारतोय?" पाण्याचा पाइप हातात घेऊन नवरा दारात आला. "अरे बापरे! कोणी केलं हे?"

"दारानं," ती स्टुलावरूनच म्हणाली. "हे कोणी केलं?"

त्यानं वर पाहिलं. मग तिच्या हातातल्या डबीकडे. त्याला लाज वाटली असती तर तिला कदाचित बरं वाटलं असतं. तो हसला. पकडला गेलेला हुशार मुलगा हसतो तसा.

"सापडलं होय शेवटी! अगं, संध्याकाळी ऊन नेमकं त्या डोळ्यात जायचं. दार अर्ध्यावर यायचं की परत वर. रोज दहा मिनिटं मी आपला याला विनवतोय. मग केला जुगाड. सगळे करतात."

"आणि ही?" तिनं डबी पुढं केली.

"ती तुझ्यासाठी. तुझं ते रविवारचं पुसणं, दिवा बघणं... म्हटलं, कशाला जिवाला घोर. समाधान झालं ना तुझं?" मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "सेल मी बदलतो त्यातला, वेळच्या वेळी. तू एकटीच काळजी घेतेस असं नाही काही."

त्याच्या हनुवटीवर साबणाचा फेस लागला होता. एरवी तिनं तो बोटानं निपटून काढला असता. आता तिला त्या फेसाचा, त्या हसण्याचा, ओल्या केसाळ हातांचा, सगळ्याचा उबग आला. हा माणूस वेळ काढून दुकानात गेला होता. गोल सेल मागून घेतला होता. ती झोपल्यावर किंवा भुंगीला पाजत असताना इथं उकिडवा बसून त्यानं खोटा डोळा उघडला, बंद केला होता. आणि मग येऊन त्याच हातांनी भुंगीला उचललं होतं.

"पिशवीशेजारी भुंगी होती," ती म्हणाली.

"होती ना? मग? उचललंस की तू. आणि मूल म्हणजे काय कचरा आहे का? पिशवी मऊ, म्हणून दबली. अंगाला लागलं की मोटरला जोर जाणवतो, ती थांबते. आई, सांग हिला. उगाच राईचा पर्वत."

एरवी 'माझ्या लेकाच्या हातात कला आहे' हे वाक्य सासूबाईंच्या जिभेवरच असायचं. आता त्या भुंगीची पावलं एका हाताच्या मुठीत धरून उभ्या होत्या.

ती स्टुलावरून उतरली.

"थांबते ना मोटर? मग बस इथं. पिशवी होती तिथं."

"वेडी आहेस का?"

"बस."

त्यानं आईकडे पाहिलं, मग खांदे उडवले. पाइप बाहेर टाकला, पायानं डायपर बाजूला सरकवले आणि दाराच्या रेघेखाली मांडी घालून बसला, चहाच्या चोथ्यातच. एवढा किळसवाणा हट्ट तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"घे. दाब. होऊन जाऊ दे एकदाचं."

ती पायरीपाशी गेली. बोट बटणावर टेकलं. त्याचं डोकं खाली दिसत होतं, टाळूवरचे विरळ होत चाललेले केस, त्यावर घोंघावणारी माशी. आणि आपल्या बोटाला खाली जायला काहीच कष्ट पडणार नाहीत, हे तिला कळलं. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. आता तिला स्वतःचीही शिसारी आली.

"बघितलंस?" तो खालून म्हणाला. "नुसती तोंडाची वाफ. तुलाही माहितेय काही होत नाही ते."

सासूबाईंनी भुंगीला तिच्याकडे दिलं. पदर खोचला. मोटर घरघरली तेव्हा तिला वाटलं, आपलाच धक्का कुठं लागला की काय.

दार खाली यायला लागलं. तो हसत वर बघत होता. दार त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आलं, तेव्हा हसू गेलं. मग त्यानं हात टेकून उठायचा प्रयत्न केला, चोथ्यावरून घसरला, गुडघ्यांवर पडला आणि तसाच रांगत, धडपडत आतल्या बाजूला आला. पाठीमागं दार त्या राड्यावर टेकून घट्ट बसलं.

"आई!" तो ओरडला. कोपरापर्यंत घाण लागली होती, आवाज चिरकला होता. "तू दाबलंस? अगं, मी होतो तिथं! मी!"

सासूबाईंचं बोट अजून बटणावर होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुला पळता आलं."

नवरा गुडघ्यांवरच राहिला. तिच्या खांद्यावरून भुंगीनं वाकून त्याच्याकडे पाहिलं. बाबा आपल्यासारखाच रांगतोय, हे तिला फार आवडलं. त्याच्याकडे जायला तिनं दोन्ही हात पुढं केले.

त्यानंही हात उचलले. मग त्या हातांकडे पाहिलं, आणि खाली घेतले.