ट्रेबल दहावर

अकरा वर्षं जहाजावरच्या बँडमध्ये वाजवून आग्नेल गावी, कट्ट्याला परतला, तो पाठीवर गिटार आणि टेम्पोत एक काळी लोखंडी पेटी घेऊन. जहाजाकडून पुन्हा बोलावणं आलं नव्हतं. म्हापशाच्या एका बँडचा प्रमुख मात्र रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर त्याला ऐकायला येणार होता. त्याने घेतलं, तर घराजवळ कायमचं काम. नाहीतर चाळिशीच्या वादकाला कोण विचारणार?

पेटीतल्या तारा वाटेत सुटल्या होत्या. मी शेजारची, पदार्थविज्ञानात नुकतीच बी.एस्सी. झालेली. वायरीला डाग देता येतो म्हणून शनिवारी सकाळी त्याने मला बोलावलं.

पेटीत एकावर एक चार यंत्रं होती. पहिलं गिटारचा क्षीण संकेत वाढवतं, दुसरं लहान-मोठे आवाज एका पातळीवर आणतं, तिसरं प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी काढतं, चौथं स्पीकर हलवतं. सगळी एकशे दहा व्होल्टची, म्हणून तळाशी ट्रान्सफॉर्मर. अमेरिकी वायरीत काळी तार जिवंत, म्हणजे वीज वाहणारी असते आणि आपल्याकडची काळी न्यूट्रल; ते आधी तपासून घेतलं.

"शॉक लागलो तर माका सांग हां," आग्नेल म्हणाला.

"लागलो तर सांगूक मी उरतलंय?"

सुटलेल्या तारांना डाग देऊन बटण दाबलं, तर स्पीकर चणे भाजल्यासारखा तडतडला. त्यावर एक बारीक, टोचणारी शिटी. मी दोन यंत्रं जोडणारी एक वायर उपटली. टोकाचं पितळ लखलखत होतं. इतकी वर्षं खारी हवा खाल्लेलं पितळ असं दिसत नाही.

"ह्या कोणी घासला?"

"मी," आग्नेलची आई, सेवरीनामाय, दारातून म्हणाली. "हिरवा पडला होता. सोलां लावून घासलंय. चर्चातल्या आल्ताराचे दिवे अशेच लखलखतत मां!"

आमसुलांचं आम्ल फटींत राहून ओल धरून बसलं होतं.

"माय, दिवे वाजवूचे नसतत गो!" आग्नेल मोठ्याने हसला. "म्हणजे सगळो दोष सोलांचो. कावेरी, धुवन टाक, झाला काम!"

मी एकेक टोक स्पिरिटने धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा जोडलं. तडतड गेली. शिटी राहिली.

"बघ, एकदम साफ!" असं म्हणून तो डोळे मिटून वाजवू लागला.

मी तोंड उघडणार, तोच सेवरीनामाय स्वयंपाकघरातून ओरडली, "आग्नेल, आधी ती शिटी बंद कर रे! कान फुटले माझे."

"खंयची शिटी?"

त्याचे हात थांबले. शिटी थांबली नाही. पहिल्या यंत्रावरची ट्रेबलची, म्हणजे बारीक आवाज वाढवायची कळ दहावर होती. त्यापुढे आकडाच नव्हता.

"खरा सांग गो, कावेरी. वाजता?"

"वाजता."

मोठ्या आवाजाशेजारी वर्षानुवर्षं उभं राहिलं, की बारीक आवाज ऐकणारा कानाचा भाग आधी मरतो आणि परत येत नाही. हे मी शिकले होते. पण तो ते विचारत नव्हता.

"तुका बरा वाटता थंयसर आण," तो म्हणाला.

मी कळ फिरवली. आठ. सहा. चारवर शिटी थांबली. त्याने एक मांडो, गोव्याकडचं संथ गाणं, वाजवला. प्रत्येक स्वरामागे त्याचा प्रतिध्वनी सावकाश येत होता. सेवरीनामाय ओल्या हातांनी येऊन उभी राहिली. "आता कसा गोड!"

"माका गोणपाटाखालसून येता," आग्नेल हळू म्हणाला.

"उद्या चारवरच ठेव. म्हापशाच्या माणसाक कळूचा नाय," मी म्हणाले.

"उद्या नाय कळाचा. मागीर बँडात? कोण सुरात आसा, कोण नाय, ता माका कसा कळतला?"

त्याने गिटार खाटेवर ठेवली, शर्ट चढवला. म्हापशाला फोन करून 'येऊ नका' सांगायला तो पोस्टात निघाला.

"कावेरी," सेवरीनामायने विचारलं, "तेका माझो आवाज तरी येतलो मां गो?"

"येतलो. तुझो आवाज जाडो आसा."

ती दारात गेली आणि तिने त्याला हाक मारली. फाटकापाशी तो वळला. तिला सांगायचं काहीच नव्हतं.

"छत्री घेतलंस?" तिने मे महिन्याच्या उन्हात विचारलं.